‘सुपरवायझर झालो, पण हात मशीनवरून सुटत नाही’

वाचकाचं पत्र: ‘नमस्कार. मी चाकणच्या एका कारखान्यात नऊ वर्षं सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनचा ऑपरेटर होतो. दिवाळीनंतर मला लाइनचा सुपरवायझर केलं. हाताखाली चौदा माणसं आहेत. त्यातली सहा कंत्राटी किंवा ट्रेनी, काही मराठवाड्यातली, दोघं ओडिशाचे. अख्खी शिफ्ट धावपळीत जाते. पिसाचा साइज आउट झाला की ऑफसेट (मशीनमध्ये मापाची दुरुस्ती) मीच देतो, कुणी दांडी मारली की मशीनवर मीच उभा राहतो. दर पाच मिनिटांनी कुणीतरी विचारायला येतं. एक काका आहेत, त्यांनीच मला मशीनचं सेटिंग शिकवलं. आता त्यांना काही सांगायला गेलो की हसून विषय बदलतात. पोरं शिकवली की सोडून जातात. रिजेक्शन झालं, म्हणजे पीस बाद झाले, की मी ग्रुपवर फोटो टाकतो, तरी फरक पडत नाही. साहेब म्हणतात, टीम तयार कर. म्हणजे रोज उठून नेमकं करायचं काय? घरी गेल्यावर बायकोशी दोन शब्द बोलायचीही ताकद उरत नाही.’ – एक वाचक, राजगुरुनगर

उत्तर:

‘रोज उठून नेमकं करायचं काय’ हा तुमचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. नेतृत्वावरची बहुतेक भाषणं तिथवर पोहोचतच नाहीत. म्हणून मी तुमच्या शिफ्टच्या आठ तासांतच राहतो.

तुम्हाला बढती मिळाली ती हात चांगला म्हणून. नऊ वर्षं तुमची किंमत शिफ्ट सुटताना बोर्डवर किती पीस लिहिले त्यावर ठरली. मग एके दिवशी काम बदललं, पण काय बदललं हे कुणी समोर बसवून सांगितलं नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हेच होतं: पत्र हातात पडतं, पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस त्याच लाइनवर उभा असतो. त्यामुळे अडचण आली की तुम्ही तुम्हाला उत्तम येतं ते करता, मशीनकडे धावता. ऑफसेट देता, पीस वाचतो. पण शेजारी उभा असलेला पोरगा त्यातून एवढंच शिकतो की साइज हलला की हाक मारायची. दर पाच मिनिटांनी माणसं येतात ती आळशी आहेत म्हणून येत नाहीत. तुम्ही येऊन करून देता, हे त्यांना पक्कं ठाऊक झालंय.

टोयोटाच्या कारखान्यांत साधारण पाच-सात कामगारांमागे एक टीम लीडर असतो आणि रोज ठरलेलं असं एक स्टेशन त्याच्या वाट्याला नसतं. कामगाराला काही गडबड दिसली की तो दोरी ओढतो, दिवा लागतो, लीडर तिथे पोहोचतो आणि दोघं मिळून काय झालं ते बघतात. कुणी आलं नसेल तर तो त्याची जागाही भरतो. पण त्याचं मुख्य काम म्हणजे मोकळं असणं, हाकेच्या अंतरावर असणं आणि शिकवणं. तुमच्याकडे चौदा माणसं आहेत. चौदा माणसांना एकटा सुपरवायझर कितीही धावला तरी पुरणार नाही. तुम्ही दमता त्याचं अर्धं कारण या आकड्यात आहे, तुमच्यात नाही. तेव्हा येत्या दोन-तीन महिन्यांत त्या चौदांतून दोन माणसं अशी तयार करायची, की त्यांच्या बाजूच्या चार-पाच मशीनची लहानसहान अडचण तिथल्या तिथे मिटेल. ‘टीम तयार कर’ या वाक्याचा तुमच्यापुरता पहिला अर्थ मी हा घेतो.

सुरुवात शिफ्टच्या पहिल्या अर्ध्या तासापासून करा. त्या अर्ध्या तासात मशीनला हात लावायचा नाही, ऑफिसात बसायचं नाही, संगणकावर कालचा रिपोर्टही भरायचा नाही. लाइनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं. आधीच्या शिफ्टच्या माणसाकडून हँडओव्हर मशीनजवळ उभं राहून घ्यायचा, गेटवर चालता चालता नाही. काय बिघडलं होतं, काय अर्धवट राहिलं आणि कशावर लक्ष ठेवायचं, एवढं त्याने सांगायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं. मग प्रत्येक मशीनवर पहिला पीस मोजला गेला का ते बघा. तुम्ही मोजू नका, ऑपरेटर मोजताना बघा. मायक्रोमीटर कसा धरतोय, बोअरमध्ये, म्हणजे पिसाच्या आतल्या छिद्रात, गेज तिरका तर जात नाही ना, हे त्या एका मिनिटात कळतं. आणि चेहरे बघा. रात्रभर न झोपलेला माणूस, घरी कुणी आजारी असलेला माणूस पहिल्या फेरीतच ओळखू येतो. त्या दिवशी त्याला अवघड मशीनवर न लावणं हेही तुमच्याच हातात असतं.

पुढची गोष्ट, अधिकार वाटून देणं. ‘स्वतः डोकं चालवा’ असं नुसतं सांगून कुणी डोकं चालवत नाही, कारण चुकलं तर कोण बोलणी खाणार हे ठरलेलं नसतं. हद्द आखून द्या. उदाहरणार्थ, घासलेल्या इन्सर्टमुळे (टूलच्या कापणाऱ्या टोकामुळे) साइज सरकतोय आणि दुरुस्ती अमुक मायक्रॉनच्या आत आहे, तर ऑपरेटरने स्वतः ऑफसेट द्यावा, पुढचा पीस मोजावा, वहीत लिहावं. त्याहून जास्त लागत असेल तर मशीन थांबवून सेटरला, म्हणजे सेटिंग करणाऱ्याला, बोलवावं. तो आकडा तुमच्या जॉबच्या टॉलरन्सवरून (मापात चालणाऱ्या फरकावरून) क्वालिटीवाल्यांना सोबत घेऊन ठरवा आणि मशीनवर चिकटवा. हद्दीच्या आत राहून कुणी चुकला तर ती चूक त्याच्या नावावर धरायची नाही, हे सगळ्यांसमोर एकदा बोला आणि मग पाळा.

तरीही माणसं विचारायला येतील. तेव्हा उत्तर द्यायच्या आधी विचारा: ‘काय दिसलं? काय करून बघितलंस?’ पहिल्या आठवड्यात ते गप्प उभे राहतील, ते गप्प राहणं तुम्हाला सोसावं लागेल. एक अपवाद मात्र कायम ठेवा. सुरक्षेचा प्रश्न असेल, कुणाचा हात, कुणाचा डोळा, तर तिथे प्रश्नोत्तरं करायची नाहीत. ताबडतोब मशीन बंद.

आता शिकवण्याविषयी. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण आपल्या बहुतेक लाइनवर शिकवणं म्हणजे ‘याच्याजवळ दोन दिवस उभा राहा आणि बघ’ एवढंच असतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांतले कुशल कामगार सैन्यात गेले आणि त्यांच्या जागी कधी कारखाना न पाहिलेली माणसं आली, त्यात स्त्रिया फार मोठ्या संख्येने होत्या. त्यांना झटपट आणि नीट शिकवायचं कसं, यासाठी तिथल्या सरकारने १९४० सालीच सुरू केलेला ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा कार्यक्रम कामी आला. तो थेट सुपरवायझरांसाठी होता. युद्धानंतर तो जपानमध्ये गेला, टोयोटाने तो उचलला आणि पुढे त्यांच्या सगळ्या कामाच्या पद्धतीच्या पायाशी तो राहिला. त्यात शिकवण्याच्या चार पायऱ्या आहेत: माणसाची तयारी करणं, काम दाखवणं, त्याच्याकडून करून घेणं आणि नंतर पाठपुरावा करणं. ऐकायला फारच सोपं वाटतं. लाइनवर आपण यातली दुसरी पायरी घाईत उरकतो आणि बाकीच्या तीन गाळतो.

तुमच्या कामावर हे लावून बघू. नव्या ट्रेनीला चकमध्ये, म्हणजे मशीनच्या फिरत्या पकडीत, जॉब लावायला शिकवायचंय. आधी त्याला विचारा, असं काम पूर्वी केलंय का, कुठे केलंय. तो आयटीआयचा टर्नर असेल तर वेगळं बोलाल, बारावी करून थेट आला असेल तर वेगळं. त्याला तुमच्या समोर उभं करू नका, शेजारी उभं करा. समोर उभं राहिलं की डावं-उजवं उलटं दिसतं. मग जॉब लावून दाखवा आणि तोंडाने टप्पे सांगा: जॉ (चकचे पकडणारे दात) साफ करा, जॉब टेकवा, क्लॅम्प करा, तपासा. दुसऱ्यांदा तेच करा आणि प्रत्येक टप्प्यातली खुबी सांगा: जॉच्या खाचेतही हवा मारायची, जॉब मागच्या फेसला पूर्ण टेकला पाहिजे. तिसऱ्यांदा कारण सांगा: जॉमध्ये एक चीप जरी अडकली तरी जॉब तिरका बसतो आणि रनआउट येतो, म्हणजे फिरताना डगमगतो, पातळ भिंतीच्या जॉबला चकचं प्रेशर जास्त झालं तर चकमधून काढल्यावर बोअर गोल राहत नाही. ही ‘का’ची बाजू आपण नेहमी खाऊन टाकतो. आणि कारण माहीत नसलेला माणूस रात्रपाळीला पहाटे तीन वाजता, कुणी बघत नसताना, तो टप्पा गाळतो. त्याला तो टप्पा निरुपयोगी वाटतो, म्हणून गाळतो.

मग त्याला करू द्या. आधी नुसतं करून दाखवू दे, मग टप्पे बोलत, मग खुबी आणि कारणं सांगत. ‘समजलं का?’ असं विचारू नका. त्याला मान हलवण्याशिवाय दुसरं उत्तर नसतं. ओडिशाची मुलं तर मराठी अर्धवट कळली तरी मान हलवतील, परक्या गावात साहेबापुढे ‘नाही कळलं’ म्हणायला धीर लागतो. त्यांच्याशी हिंदीत बोला आणि मुख्य म्हणजे हातातून करून घ्या. कळलं की नाही ते हात सांगतात. शेवटी त्याला एकटं सोडताना सांगा, अडलं तर कुणाला विचारायचं, नाव घेऊन सांगा. पहिल्या दिवशी तासाला एक चक्कर मारा, दुसऱ्या दिवशी दोन तासांनी, हळूहळू सोडा. हे सगळं एका टप्प्यासाठी वीस मिनिटांत होतं. दिवसाला एका माणसाला एक गोष्ट, एवढाच नेम धरा. महिन्याला पंचवीस गोष्टी होतात.

काय शिकवायचं हे ठरवायला तुमच्याकडे स्किल मॅट्रिक्स असणारच. कस्टमरच्या ऑडिटच्या आदल्या दिवशी भरला जाणारा भिंतीवरचा तो तक्ता. मला तो कागद फार उपयोगाचा वाटतो आणि त्याचे असे हाल पाहून वाईट वाटतं. प्रत्येक माणसासमोर प्रत्येक मशीनसाठी एक वर्तुळ, त्याचे चार भाग: शिकतोय, कुणी लक्ष ठेवलं तर करतो, एकटा करतो, दुसऱ्याला शिकवू शकतो. तो तुम्ही स्वतः, पेन्सिलने, खरा खरा भरा. कुठल्या मशीनवर एकच माणूस एकटा काम करू शकतो, ते लगेच दिसेल. तो रजेवर गेला की तुम्हालाच उभं राहावं लागतं, ते याच मशीनवर. शिकवायची सुरुवात तिथून करा.

काकांकडे येऊ. हा तुमच्या पत्रातला सगळ्यात नाजूक भाग आहे. कालपर्यंत ज्याला ‘अरे, इकडे ये’ म्हणून सेटिंग दाखवलं, तो आज कामं सांगतोय. त्यांच्या हसण्यामागे चेष्टा असेलच असं नाही. अवघडलेपण असू शकतं, कदाचित ती जागा आपल्याला मिळेल असं त्यांना कधीकाळी वाटलंही असेल. त्यांच्याशी लाइनवर, पोरांच्या देखत काही बोलू नका. जेवणाच्या सुट्टीत बाजूला बसा आणि सरळ सांगा: ‘काका, सेटिंग मी तुमच्याकडून शिकलो, ते मी विसरलेलो नाही. आता ही लाइन मला सांभाळायचीय आणि तुमच्याशिवाय ती सांभाळता येणार नाही. या दोन पोरांना सेटिंग तुम्ही शिकवाल का?’ ते खरोखर उत्तम सेटर आहेत, तेव्हा यात खुशामत नाही. वर सांगितलेली शिकवायची पद्धत त्यांनाही दाखवा, कारण हात बसलेला माणूस बारीक खुबी बोलून दाखवायला विसरतो. त्याला त्या आता जाणवतच नाहीत.

त्याच बैठकीत दुसरी बाजूही बोला. पहिला पीस मोजणं, चष्मा आणि बूट घालणं, वहीत नोंद करणं यात वयाची सूट नाही. ‘तुम्ही केलं नाही तर पोरंही करणार नाहीत आणि मला त्यांना बोलायचं तोंड उरणार नाही,’ असं म्हणा. आवाज मऊ, मुद्दा पक्का. लाइनवर नवा बदल करायचा असेल तर सगळ्यांना सांगायच्या आदल्या दिवशी काकांना सांगा आणि त्यांचं मत विचारा. मत पटलं तर घ्या आणि सगळ्यांसमोर त्यांचं नाव घ्या. इतकं करूनही काही आठवड्यांनी नियम मोडत राहिले, तर साहेबांना सोबत घेऊन बोलावंच लागेल. तिथे मागे हटू नका.

आता ग्रुपवरचे ते फोटो. हे मात्र आजच थांबवा. खराब पीसचा फोटो, खाली मशीन नंबर आणि नाव, मग कुणाचा तरी अंगठा, कुणाचा हसरा चेहरा. ज्याचं नाव आलं त्याच्या बायकोने तो फोन रात्री हातात घेतलेला असतो. यातून रिजेक्शन कमी होत नाही, लपतं. हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. ज्या वॉर्डात कामाचं वातावरण चांगलं, तिथे चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले, त्या वॉर्डांत नोंदलेल्या चुका जास्त होत्या. तिथली माणसं चुकल्याचं सांगायला घाबरत नव्हती, हे त्यामागचं कारण त्यांना दिसलं. तुमच्या लाइनवरही तसंच आहे. लाल बिनमध्ये (बाद पिसांच्या डब्यात) पडलेला पीस मोजता येतो, त्याचं कारण शोधता येतं. चांगल्या पिसांच्या ट्रेमध्ये मिसळलेला पीस थेट कस्टमरकडे जाऊन उगवतो.

म्हणून कुणी स्वतःहून येऊन म्हणाला, ‘दादा, माझ्याकडून तीन पीस गेले,’ तर तुमचा पहिला शब्द काय निघतो, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. ‘बरं झालं सांगितलंस, चल बघू’ असं म्हणा आणि खरंच जाऊन बघा. रागवायचं असेल तर बाजूला नेऊन, त्या कामाबद्दल, दोन वाक्यांत. शाबासकी मात्र सगळ्यांसमोर, आणि नेमकी: ‘काल रात्री कूलंट कमी आलेलं हिने वेळेत पाहिलं, म्हणून टूल वाचला.’ नुसतं ‘छान काम’ हवेत विरून जातं.

रोज एका माणसाबरोबर दहा मिनिटं चहा घ्या. चौदा माणसं, म्हणजे अडीच आठवड्यांत प्रत्येकाची पाळी येते. कामात काय अडतं आणि पुढे काय शिकायचंय, एवढं विचारा आणि जास्त वेळ ऐका. छोट्या वहीत लिहून घ्या. बहुतेक तक्रारी किरकोळ असतील: पंखा बंद आहे, एअर गन गळते, गेज एकच आहे आणि तीन मशीनमध्ये फिरतो. त्यातलं जमेल ते त्याच आठवड्यात करा. जे जमणार नाही, त्याचंही उत्तर घेऊन परत त्या माणसाकडे जा. ‘विचारलं होतं, मार्चपर्यंत होणार नाही’ हे ऐकूनही माणसाला बरं वाटतं. विचारून गप्प बसलात तर पुढच्या वेळी तो काही सांगणार नाही.

शिकवलेली पोरं जातात, हे दुःख खरं आहे आणि त्यातला मोठा भाग पगाराचा आहे. कंत्राटी मुलाला शेजारच्या कंपनीत हजार-दोन हजार जास्त मिळाले तर तो जाणार, आणि त्याला दोष देऊ नये, घरी पैसे पाठवायचे असतात. तुमच्या हातात असतं ते वेगळं: ओव्हरटाइम आणि रजा सगळ्यांना सारखी वाटणं, सणाला गावी जायची पाळी आधीच ठरवणं, चांगल्या मुलाची कायम करण्यासाठी लेखी शिफारस करणं. तेवढं केलंत की काही थांबतील. आणि जे जातील त्यांचं वाईट वाटून घेऊ नका. १९६० च्या दशकात टेल्को, टाटांची ट्रक बनवणारी कंपनी, पुण्यात आली तेव्हा तिचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी माणसं शिकवून तयार करण्यावर फार भर दिला होता. तिथे शिकलेली कितीतरी माणसं पुढे दुसऱ्या कारखान्यांत गेली, काहींनी भोसरी-चिंचवडमध्ये स्वतःची वर्कशॉपं टाकली. तुम्ही ज्या पट्ट्यात काम करता तो अशा, एका ठिकाणी शिकून दुसरीकडे गेलेल्या माणसांनी उभा केलाय.

घरच्या थकव्याबद्दल एवढंच: शिफ्ट सुटल्यावर लाइनचे फोन कोणत्या कारणासाठी यावेत हे ठरवून सांगा. अपघात, मशीन पूर्ण बंद, बस. बाकीचं दुसऱ्या शिफ्टचा सुपरवायझर बघेल. तुमच्या हँडओव्हरमध्ये लिहिलेलं असेल तर त्याला तुम्हाला विचारावं लागणार नाही.

हे सगळं तुम्ही मशीनवरच उभे राहिलात तर होणार नाही, आणि दांड्या तर पडणारच. म्हणून साहेबांकडे जा. तक्रार घेऊन जाऊ नका, पेन्सिलने भरलेला तो तक्ता घेऊन जा. कुठल्या तीन मशीनवर एकाच माणसावर सगळं अवलंबून आहे ते दाखवा, महिन्याभरात तुम्ही स्वतः किती शिफ्ट मशीनवर उभे होता तो हिशेब दाखवा आणि एक जादा माणूस मागा, सगळ्या मशीन शिकलेला, रजेच्या जागी लावता येईल असा. बहुधा ते लगेच हो म्हणणार नाहीत. मग तीन महिन्यांसाठी मागा, आणि त्या काळात कोणत्या दोन मुलांना कोणत्या मशीनवर एकटं उभं करून दाखवाल ते नावानिशी लिहून द्या. तेही नाही म्हणाले, तर पहिला अर्धा तास आणि शिकवायची ती वीस मिनिटं, एवढ्या वेळात तुम्हाला कुणी मशीनवर उभं करणार नाही, हे तरी कबूल करून घ्या. बाकीच्या वेळात दांडी पडली तर उभे राहा, काही हरकत नाही. फक्त शेजारी त्या दोघांपैकी एकाला उभं करा आणि ऑफसेट त्याला देऊ द्या.